साधनं अनंत, साध्य कुठे? क्रीचर-कॉम्बोचा डेक बांधताना

मागच्या खेपेला आपण कारणसामग्रीविषयी बोललो, तेव्हा शेवटी असं ठरलं होतं की पुढच्या वेळी एखादं असं उदाहरण घ्यायचं, ज्यात घडा, कुंभार आणि चाक नसेल. शेकडो वर्षं तोच घडा घडतो आहे. त्या बिचाऱ्या कुंभाराला आज जरा विश्रांती देऊ.

आजचं उदाहरण पत्त्यांच्या खेळातलं आहे. 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ १९९३ साली अमेरिकेत निघाला. तो रचणारे रिचर्ड गारफील्ड हे गणिताचे माणूस. त्यांची डॉक्टरेट कॉम्बिनेटोरिक्समधली, म्हणजे निवडी आणि जुळण्या मोजण्याच्या गणितातली. ही गोष्ट खेळात पदोपदी दिसते. आपल्या बदाम सातमध्ये ५२ पानांचा एकच कॅट सगळ्यांमध्ये वाटला जातो. इथे प्रत्येक जण आपला कॅट घरून बांधून आणतो. त्याला डेक म्हणतात. आजवर निघालेल्या वीस हजारांहून अधिक वेगवेगळ्या पानांमधून निदान ६० पानं निवडायची. एकाच नावाची जास्तीत जास्त ४. साध्या लँडना ही मर्यादा नाही. म्हणजे अर्धा खेळ टेबलाशी बसण्याआधीच खेळून झालेला असतो. तत्त्वज्ञानाच्या माणसाला या खेळात रस वाटावा तो इथेच.

खेळ कसा चालतो तेवढं आधी सांगून टाकू. सुरुवातीला हातात ७ पानं, मग प्रत्येक पाळीला एक पान उचलायचं. पाळीला एक लँड उतरवता येतं. लँड आडवं केलं की एक मॅना मिळतो. मॅना म्हणजे या खेळातलं चलन. ते खर्चून क्रीचर, म्हणजे तुमच्या बाजूने लढणारे जीव, मैदानात आणायचे. समोरच्याचे २० गुण शून्यावर आणले की डाव तुमचा. आणि एक छोटा नियम ध्यानात ठेवा, त्याच्यावर पुढे बरंच काही अवलंबून आहे : ज्या पाळीत क्रीचर आलं, त्या पाळीत ते आडवं करून वापरता येत नाही. ते पाळीच्या सुरुवातीपासून तुमच्याकडे असावं लागतं.

आता कॉम्बो. दोन पानं एकेकटी असताना सामान्य असतात, एकत्र आली की असं काही घडतं जे दोघांच्याही अंगी वेगवेगळं नव्हतं. क्रीचर-कॉम्बो म्हणजे ही जुळणी क्रीचरांचीच. आपण एकच जोडी घेऊ आणि तिचाच पिच्छा पुरवू.

पहिलं पान डिव्होटेड ड्रूइड, २००८ सालच्या शॅडोमूर संचातलं. दोन मॅनाचं क्रीचर, ताकद ०, सहनशक्ती २. ते आडवं केलं की एक हिरवा मॅना मिळतो. शिवाय त्याला दुसरी सोय आहे : त्याच्यावर वजा एक-वजा एकचा काउंटर ठेवायचा, त्या किमतीत ते पुन्हा उभं होतं. म्हणजे स्वतःचं आयुष्य खर्चून एक जास्तीचा मॅना. एकदा केलं तर सहनशक्ती १ उरते, दुसऱ्यांदा केलं तर ड्रूइड मरतो.

दुसरं पान विझिअर ऑफ रेमेडीज, २०१७ सालच्या अमोनखेत संचातलं. हेही दोन मॅनाचंच. ते सांगतं, तुमच्या क्रीचरवर वजा एकचे जितके काउंटर पडणार असतील, त्यांतून एक कमी करा. एक पडणार असेल तर? एकातून एक गेला, शून्य.

दोघं शेजारी आले की काय होतं बघा. ड्रूइड आडवा केला, मॅना मिळाला. काउंटर ठेवायची किंमत दिली, विझिअरने ती शून्य केली, ड्रूइड उभा राहिला. पुन्हा आडवा, पुन्हा उभा. दुसऱ्या पाळीला ड्रूइड, तिसऱ्या पाळीला विझिअर, आणि हवा तितका मॅना. ड्रूइड आधी यायला हवा, कारण त्याला आडवं व्हायचं आहे. विझिअर नुसता उभा असला तरी त्याचं काम चालतं, म्हणून तो त्याच पाळीत आला तरी भागतं.

इथे चाणाक्ष श्रोता हात वर करील. काउंटर ठेवलाच गेला नाही, तर किंमत दिली असं कसं म्हणायचं? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि खेळाच्या नियमांनी त्याचं उत्तर फार बारकाईने दिलं आहे. याच खेळात मेलिरा नावाचं २०११ सालचं एक क्रीचर आहे. ते म्हणतं, तुमच्या क्रीचरवर वजा एकचे काउंटर ठेवता येत नाहीत. वरवर पाहता परिणाम तोच, काउंटर काही पडत नाही. पण ड्रूइडशेजारी मेलिरा ठेवली तर कॉम्बो चालत नाही! मेलिराने क्रियेलाच मनाई केली. जी किंमत देताच येत नाही, ती दिली असं धरता येत नाही. विझिअरने मनाई केलेली नाही. त्याने क्रिया होऊ दिली आणि तिच्या जागी शून्य बसवलं.

ज्यांनी पाणिनी थोडा चाळला आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. लोप हा पाणिनीच्या व्यवस्थेत निषेध नव्हे. प्रत्यय येतो, त्याच्या जागी काहीच न दिसणं येतं, आणि तरी प्रत्ययाने करायचं काम झालेलं असतं. 'वाच्' पुढचा 'सु' लुप्त होतो, पण तो येऊन गेला म्हणूनच त्या शब्दाला पदसंज्ञा मिळते आणि 'वाक्' होतं. विझिअर लोप करतो, मेलिरा निषेध करते. डेक बांधणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला हा फरक कुणी शिकवावा लागत नाही. चुकीचं पान घातलं की पहिल्याच डावात तो कळतो.

पण मेलिरा वाया गेली असं समजू नका. किचन फिंक्स नावाचं एक तीन मॅनाचं क्रीचर आहे. ते मैदानात आलं की तुम्हाला २ गुण मिळतात, आणि मेल्यावर, अंगावर वजा एकचा काउंटर नसेल तर, ते एक काउंटर घेऊन परत येतं. इथे काउंटर ही किंमत नाही, तो परिणाम आहे. परिणामातला जो भाग घडू शकत नाही तो सोडून द्यायचा आणि उरलेला घडवायचा, असा नियम. म्हणून मेलिरा असेल तर फिंक्स कोरंच परत येतं. व्हिसेरा सीअरसारखं एखादं क्रीचर त्याला हवं तितक्यांदा बळी देऊ शकतं, आणि तुमचे गुण वाढतच जातात. विझिअरही हे काम करतो. थोडक्यात मेलिरा एका जुळणीत चालते, विझिअर दोन्हींत. म्हणून डेकमध्ये जागा विझिअरला.

'अनंत' हा शब्द खेळाडू फार सैल वापरतात, त्याबद्दल दोन शब्द. नियम अनंत मॅना देत नाहीत. तुम्ही आकडा सांगायचा असतो : हे चक्र मी दहा लाख वेळा फिरवतो. समोरच्याने मान्य केलं की तेवढ्या वेळा फिरलं असं धरतात. ॲरिस्टॉटलच्या भाषेत हे संभाव्य अनंत आहे, प्रत्यक्ष नव्हे. कितीही पुढे जाता येतं, पण थांबायचं कुठे ते सांगावंच लागतं. आणि जे चक्र कुणालाच थांबवता येत नाही, तसं सक्तीचं चक्र सुरू झालं तर डाव बरोबरीत सुटतो. नैयायिक अनवस्थेला दोष मानतात. हे नियम लिहिणाऱ्यांनीही तसंच मानलेलं दिसतं.

आता मुख्य मुद्दा. दहा लाख मॅना आला. पुढे काय? समोरच्याचे २० गुण जिथल्या तिथे आहेत. ड्रूइडची ताकद ० आहे, विझिअरची २. मॅना साधन आहे, साध्य नव्हे, आणि साधन कितीही वाढवलं तरी त्याचं आपोआप साध्य होत नाही. टप्पा संपला की न वापरलेला मॅना विरूनही जातो. नवखे लोक दोन पानांवर इतके खूश होतात की तिसऱ्याचा विचार राहूनच जातो. मैदानात दहा लाख मॅना घेऊन बसलेला आणि 'पाळी संपली' म्हणणारा खेळाडू यापेक्षा केविलवाणं दृश्य या खेळात नाही.

तिसरं पान म्हणून बहुतेक जण वॉकिंग बॅलिस्टा घेतात. जितका मॅना घालाल त्याच्या निम्मे अधिक एकचे काउंटर घेऊन ते येतं, आणि एकेक काउंटर काढून एकेक गुणाचा फटका मारतं. ४० मॅना घातले की २० फटके, डाव संपला. पण इथे एक खड्डा आहे. आपल्या डेकमध्ये क्रीचर शोधून थेट मैदानात आणणारी पानं असणार आहेत, त्यांच्याबद्दल आत्ताच बोलू. त्यांनी बॅलिस्टा आणलं तर त्यात मॅना घातलेला नसतो. ते शून्य काउंटर घेऊन येतं आणि तत्क्षणी मरतं. ते हातातूनच खेळायला हवं. म्हणून चौथं पान : डस्कवॉच रिक्रूटर. तीन मॅना खर्चून डेकची वरची तीन पानं बघायची, त्यांतलं एक क्रीचर हातात घ्यायचं. मॅना हवा तितका असल्यावर सगळा डेक असा चाळून काढता येतो, बॅलिस्टा हातात येतं, आणि ते रीतसर खेळता येतं. रिक्रूटर मात्र शोधणाऱ्या पानांनी आणला तरी चालतो. एकूण कारणसामग्री दोन पानांची नसून चारांची आहे, आणि त्यातल्या एकाला मैदानात यायचा एकच रस्ता मोकळा आहे.

थोडं गणित करू, फार नाही. ६० पानांत ड्रूइड ४ आणि विझिअर ४. तुम्ही दुसऱ्या क्रमांकाने खेळत असाल तर तिसऱ्या पाळीपर्यंत १० पानं पाहिलेली असतात. त्या दहांत दोन्ही असण्याची शक्यता सुमारे २६.५ टक्के. म्हणजे जवळपास चार डावांत एकदा. एकावेळी चार प्रती यापलीकडे नियम जाऊ देत नाही, मग ही शक्यता वाढवायची कशी? शोधणारी पानं घालून. कॉर्ड ऑफ कॉलिंग हवं ते क्रीचर डेकमधून थेट मैदानात आणतं. विझिअरच्या चार प्रतींच्या जोडीला चार कॉर्ड धरली, तर ड्रूइड आणि या आठांपैकी एखादं असण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांवर जाते. अर्थात कॉर्ड महाग आहे, दोन मॅनाचं क्रीचर आणायला पाच मॅना पडतात. पण तुमची क्रीचर आडवी करून ती किंमत फेडता येते, आणि या कामासाठी आत्ताच आलेलं क्रीचरही चालतं. आधीचा नियम इथे आड येत नाही, कारण तो क्रीचरच्या स्वतःच्या क्षमतेपुरता आहे.

दुसरं शोधणारं पान कलेक्टेड कंपनी, २०१५ सालचं. चार मॅना, वरची ६ पानं बघा, त्यांतली तीन किंवा कमी मॅनाची दोन क्रीचर थेट मैदानात. हे समोरच्याच्या पाळीतही खेळता येतं, आणि त्यातच त्याची खरी ताकद आहे. समोरच्याची पाळी संपता संपता कंपनी खेळा. ड्रूइड आणि विझिअर दोघं आले तर तुमची पाळी सुरू होताना ड्रूइड आधीपासून तुमच्याकडे आहे, लगेच आडवा करता येतो. समोरच्याला मधल्या वेळात काही करायला पाळीच मिळत नाही. कंपनी घालायची तर डेकमध्ये स्वस्त क्रीचर भरपूर हवीत. तीसच्या आसपास असली तर सहा पानांत सरासरी तीन निघतात.

समोरचाही काही झोपलेला नसतो. त्याच्याकडे लायटनिंग बोल्टसारखी पानं असतात, एका मॅनात तीन गुणांचा फटका, ड्रूइड मेला. तो हा फटका कधी मारतो त्यावरून त्याची जाण कळते. कच्चा खेळाडू विझिअर येईपर्यंत थांबतो. पण दोघं मैदानात असतील आणि ड्रूइड वापरण्याजोगा झाला असेल, तर बोल्ट येताच तुम्ही उत्तरादाखल ड्रूइड हवा तितक्या वेळा फिरवून घेता. ड्रूइड मरतो, मॅना तुमच्या पदरात पडलेला असतो, आणि तुमचाच मुख्य टप्पा चालू असेल तर तो तिथेच वापरता येतो. पक्का खेळाडू ड्रूइड दिसला की पहिल्याच संधीला मारतो. आणि बहुतेक पक्के खेळाडू असंच करणार हे गृहीत धरून आपल्याला डेक बांधायचा आहे.

म्हणून आता सगळ्यांत कठीण गोष्टीकडे येऊ : उरलेल्या जागा. हिशेब मांडू. लँड २१. पहिल्या पाळीला उतरून मॅना देणारी क्रीचर, बर्ड्स ऑफ पॅराडाइज ४ आणि नोबल हायरार्क ४. ड्रूइड ४, विझिअर ४. कंपनी ४, कॉर्ड ४. बॅलिस्टा २, रिक्रूटर २. झाली ४९. राहिली ११.

या अकरांत अजून एक कॉम्बो घुसवण्याचा मोह होतो. आमच्या मते तो टाळावा. डेककडे नीट पाहा : बर्ड्सची ताकद ०, हायरार्कची ०, ड्रूइडची ०. कॉम्बो मोडला की समोर उभी असते ती मॅना देणाऱ्यांची रांग, आणि त्या मॅनात घ्यायचं काय, तर काही नाही. वर जे साध्य-साधनाचं म्हटलं ते इथे दुसऱ्यांदा, आणि जास्त जोराने लागू होतं. म्हणून अकरा पानं अशी निवडावीत जी कॉम्बो नसतानाही आपल्या पायावर उभी राहतील, आणि कॉम्बो असला तर त्यालाही हातभार लावतील. किचन फिंक्स ४ : ताकद ३, मेलं तरी एकदा परत येतं, दोन गुण देतं, आणि विझिअरसोबत वेगळीच जुळणी करतं. तिच्यासाठी व्हिसेरा सीअर १ पुरे, कॉर्डने शोधता येतो. इटर्नल विटनेस २, वापरून झालेलं पान हातात परत आणतं, मेलेला ड्रूइडही. स्कॅव्हेंजिंग ऊझ २, लांबलेल्या डावात मोठं मोठं होत जातं. रेक्लमेशन सेज १, समोरच्याची एखादी वस्तू मोडायला. शेवटचं एक पान तुमच्या आवडीचं ठेवा. सगळंच आम्ही ठरवलं तर डेक तुमचा कसा म्हणायचा?

यावर कुणी म्हणेल, अशी मध्यम पानं घालून कॉम्बो पातळ नाही का होत? होतो, थोडा. पण समोरच्याची अडचण दुप्पट होते. त्याने प्रत्येक बोल्ट ड्रूइडसाठी राखून ठेवला तर फिंक्स त्याला शांतपणे मारत राहतं. फिंक्सवर खर्च केला तर पुढच्या ड्रूइडसाठी काही उरत नाही. कॉम्बो टेबलावर आला नाही तरी त्याची भीती काम करत असते, मात्र समोर दुसरं काही खरोखर घडत असेल तरच.

शोधणाऱ्या पानांबद्दल एक इतिहासातली गोष्ट सांगण्याजोगी आहे. कॉर्ड आणि कंपनीच्या आधी या जातीच्या डेकांचं आवडतं साधन होतं बर्थिंग पॉड, २०११ सालचं. एक क्रीचर बळी द्यायचं, त्याच्याहून एक मॅना महागडं क्रीचर डेकमधून आणायचं, दर पाळीला. मॉडर्न या प्रकारात, म्हणजे २००३ पासूनच्या संचांची पानं जिथे चालतात तिथे, जानेवारी २०१५ मध्ये त्यावर बंदी आली. कारण ऐकण्यासारखं आहे. नवी क्रीचर तर प्रत्येक संचात निघणारच, आणि निघेल ते प्रत्येक चांगलं क्रीचर पॉडला आपोआप अधिक बळकट करणार. पानावरचा मजकूर बदलत नाही, पण ते ज्या जगात शोध घेतं ते जग वाढत जातं. आपल्या डेकलाही हे लागू आहे. नवा संच निघाला की यादीतली ड्रूइड-विझिअरची जोडी तशीच राहते, अकरा जागा मात्र पुन्हा उघडतात.

शेवटी राखीव पानांबद्दल. सामना तीन डावांचा असतो, आणि पहिल्या डावानंतर बाजूला ठेवलेल्या १५ पानांमधून अदलाबदल करता येते. समोरच्याने तुमचं गुपित पाहिलेलं असतं. तो बहुधा ग्राफडिगर्स केज आणील. एका मॅनाची ही वस्तू म्हणते, डेकमधून किंवा मेलेल्यांतून क्रीचर मैदानात येऊ शकत नाहीत. पुन्हा निषेधच! कंपनी निकामी, कॉर्ड निकामी, फिंक्सही परत येत नाही. पण हातातून खेळलेल्या ड्रूइडला आणि विझिअरला केज काही करत नाही, आणि रिक्रूटर पान हातात आणतो, मैदानात नव्हे, म्हणून तोही सुटतो. अशा डावाला कॉर्डच्या दोन-तीन प्रती काढाव्यात, रेक्लमेशन सेज वाढवावेत. सेजही कॉर्डने आणता येणार नाही, तो हातातच असावा लागेल. म्हणून एक पुरत नाही, राखीवमध्ये आणखी दोन ठेवा.

पानं विकत घेण्याआधी कागदाच्या ६० चिठ्ठ्या करा. अधिकृत स्पर्धेत त्या चालत नाहीत, घरी सरावाला उत्तम. नीट पिसा, सात उचला, आणि प्रत्येक हाताला एकच प्रश्न विचारा : ड्रूइड आला आणि लगेच मेला, तर चौथ्या पाळीला आपण काय खेळत असू? असे पन्नास हात काढा आणि उत्तरं वहीत लिहा. 'काही नाही' हे उत्तर वारंवार यायला लागलं तर अकरा पानांकडे परत जा. पुढच्या वेळी ज्यांना जमेल त्यांनी ती वही बरोबर आणावी, आपण एकेक यादी घेऊन बसू. आता पाणी घेतो, मग तुमचे प्रश्न.